महागाईचा फ्लॅट नंबर

भातकुलीत फ्लॅट नव्हते तेव्हाही दंड होता. गावाच्या कडेला कोंडवाडा असायचा आणि दुसऱ्याच्या हरभऱ्यात तोंड घातलेली गाय तिथे जाऊन बसायची. कोंडवाड्याचा हा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला. त्यात दंड तर होताच, शिवाय कोंडवाड्यात जनावराला जे वैरण-पाणी घातलं त्याचा खर्चही मालकाकडूनच वसूल व्हायचा. म्हणजे हरभरा गाईनं खायचा, कडबाही गाईनंच खायचा आणि पैसे मालकानं भरायचे. परत येताना गाय खाऊन-पिऊन डुलत पुढे, मालक रिकामा खिसा चाचपत मागे.

पुढे हागणदारीमुक्तीच्या काळात गुड मॉर्निंग पथक आलं. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला आधी गुलाबाचं फूल द्यायचे, त्यानं भागलं नाही तर पोलीस कायद्याखाली बाराशे रुपयांपर्यंत दंड. एका बुढ्यानं फूल घेतलं, हुंगलं आणि साहेबांना विचारलं, "हे आता धरू कोन्या हातात? येका हातात टमरेल हाय, दुसऱ्यात बिडी." साहेबांकडे या प्रश्नाचं परिपत्रक नव्हतं.

तेव्हा दंड या विषयात आमच्याकडचा माणूस नवखा नाही. पण दंडाची खरी बहार पाहायची तर अमरावतीच्या सोसायटीतच यावं लागतं. भातकुलीहून अमरावती हाकेच्या अंतरावर. तालुक्याचं तहसील कार्यालयच वर्षानुवर्षं अमरावतीत होतं, मग माणसानं काय म्हणून मागे राहावं? पोराची शाळा, पोरीचे क्लास, बुढ्याचा बीपी, असं एकेक कारण निघतं आणि शेत भातकुलीत व फ्लॅट अमरावतीत अशी माणसाची फाळणी होते. माझीही झाली आहे.

आमच्या जिन्याखाली एक फळा आहे. लिफ्टमधून धान्याचं पोतं नेलं तर १०० रुपये. गच्चीवर वाळवण घातलं तर २००. कुलरचं पाणी खालच्याच्या गॅलरीत गळलं तर ३००. पाहुण्याची गाडी दुसऱ्याच्या जागेत दिसली तर ५००, मग पाहुणा कितीही जवळचा असो. सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'या फळ्यावर कोणी काही लिहिल्यास ५०'. ते सचिवानं स्वतः खडूनं लिहिलेलं असल्यामुळे पहिली पावती त्याचीच फाडावी, असं पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचं मत आहे. मास्तरांची मतं पुढेही येणार आहेत, त्यांना इलाज नाही.

पोत्याचं घ्या. शेती असलेल्या घरात गव्हाचं, तुरीचं, ज्वारीचं वर्षाचं पोतं येणारच. ते चौथ्या मजल्यावर जिन्यानं चढवायला हमाल शंभर रुपये मागतो आणि लिफ्टनं नेलं तर दंडही शंभरच. मग पाठीचा कणा कशाला मोडायचा? लोक सरळ लिफ्टनं पोतं नेतात, शंभराची नोट सचिवाच्या हातावर ठेवतात आणि वर म्हणतात, "हे घ्या तुमची हमाली." सचिवाला त्यातला फक्त शेवटचा शब्द लागतो. हा प्रकार आमच्याच डोक्यातून निघाला असं मात्र कोणी समजू नये. इस्राएलमधल्या हैफा शहरात, पाळणाघरातून पोरं उशिरा न्यायला येणाऱ्या आई-बापांना दंड लावून पाहिला होता. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, कारण आधी लाज वाटायची, आता पैसे भरले की काम संपलं. दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली त्यावर निबंध लिहिला. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या भाऊंनी तो वाचलेला नाही, ते नुसते तसे वागतात.

याच भाऊंनी एकदा कापसाचं प्रकरण केलं. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेला होता. तो आकडा वऱ्हाडी डोक्यात असा बसला की पुढच्या हंगामात लोकांनी बोंडं वेचली आणि कापूस घरातच भरून ठेवला. भाव काही चढेना, उलट उतरत गेला. भाऊंचं भातकुलीकडचं घर छताला टेकलं, तेव्हा उरलेला कापूस त्यांनी रातोरात फ्लॅटच्या बेडरूममध्ये आणून टाकला. नवरा-बायको हॉलमध्ये झोपू लागले, कापूस डबलबेडवर. आठवड्याभरात अख्ख्या मजल्याला खाज सुटली. वहिनी भिशीत बसल्या की सगळ्या जणी अर्धा फूट सरकून बसत. उपविधीप्रमाणे घरात ज्वलनशील माल साठवायला मनाई आहे, म्हणून कमिटीनं रीतसर नोटीस दिली. भाऊंनी नोटिशीच्या पाठीमागेच उत्तर लिहिलं : 'दंड मान्य. भाव आला की देतो.' तेव्हापासून आमची कमिटीही रोज सकाळी बाजार समितीचे भाव पाहते.

आता मला पडलेलं कोडं सांगतो. दोनशे रुपयांच्या दंडानं माणूस जेवढा पेटतो, तेवढा हजार रुपयांच्या महागाईनं पेटत नाही. सोयाबीनचंच पाहा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. यार्डात प्रत्यक्ष हातावर पडलं ते त्याहून बरंच कमी, कारण कधी ओलावा जास्त, कधी दाणा डागी, कधी आवक जास्त. तेच सोयाबीन तेल होऊन पिशवीत बसलं की त्याला ना ओलावा लागतो, ना डाग. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क सगळं धरून ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू. तेल लगेच चढलं. शेतकऱ्यापर्यंत बातमी पोचली, भाव वाटेत कुठेतरी उतरला. मे २०२५ मध्ये तेच शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं, आता हेतू गिऱ्हाइकाला दिलासा. आमची गोची अशी, की सकाळी यार्डात आम्ही शेतकरी असतो आणि संध्याकाळी किराण्याच्या दुकानात गिऱ्हाईक. दोन्ही निर्णय आमच्याच भल्याचे होते आणि दोन्ही वेळा पैसे आमच्याच खिशातून गेले. १८७१ च्या त्या गाईचा मालक आमच्या खानदानातलाच असावा.

सिलिंडर एप्रिल २०२५ मध्ये पन्नास रुपयांनी वाढला. एसटीचं भाडं त्याच वर्षी जानेवारीत १४.९५ टक्क्यांनी. सरळ पंधरा केले असते तर लोक ओरडले असते, म्हणून शेकडा पाच पैसे माणुसकीखातर सोडले. आमच्या घरात त्या एसटीत आईला तिकीट नाही, कारण ती पंचाहत्तरच्या पुढची. बायकोला अर्धं. पूर्ण भाडं भरणारा मानकरी मी एकटाच. त्यामुळे गावाकडचं कोणतंही काम निघालं की घरात ठराव होतो, "तुमी कायले जाता? आमी दोघी जाऊन येतो, सस्तं पडते." शेतातल्या तुरीला माझं तोंड आठवत असेल की नाही, शंका आहे.

एवढं सगळं अंगावर येतं, पण रागवायचं कुणावर? आयातशुल्क कोणत्या गल्लीत राहतं? सिलिंडर घेऊन येणारा पोट्टा स्वतःच तीन मजले चढून धापा टाकत असतो, त्याला काय बोलणार? एसटीचा कंडक्टर म्हणतो, मशीनमधून जेवढं निघते तेवढं घेतो. सापडतो तो फक्त सोसायटीचा सचिव. तो दोनशे तीनमध्ये राहतो. बेल वाजवली की बनियनवर दार उघडतो. अख्ख्या महागाईत हा एवढाच इसम पत्त्यासकट सापडतो, आणि मग तेलाचा, तुरीच्या डाळीचा, पोरीच्या क्लासच्या फीचा असा सगळा साठलेला राग लोक त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ओततात.

"तुमाले काय वाटते, आमच्या घरी पैशाचं झाड हाय?"

"भाऊ, कुलरचे तीनशे रुपये हायेत फक्त."

"कुलरचे असो का कशाचे! इथं डाळ पाहा काय भावानं चालली!"

"डाळ म्या वाढोली का?"

"मंग कोनं वाढोली?"

यावर सचिवाला उत्तर देता येत नाही. मोठमोठ्या अर्थमंत्र्यांना देता आलं नाही, हा तर बनियनवर उभा असतो.

कुलरच्या प्रकरणात मात्र मी सचिवाच्या बाजूनं बोलेन, कारण माझी गॅलरी त्याच गळतीखाली आहे. मे महिन्यात अमरावतीचं ऊन पंचेचाळीसला टेकतं, तेव्हा माणूस कुलर लावतो म्हणजे आपल्या जिवाचीच सोय करतो. पण वरचे लोक टाकी काठोकाठ भरतात, ताटीतून पाणी सुटतं आणि थेंब थेंब माझ्या तुळशीवर. तुळस खूश, पण दोरीवरचे शर्ट पांढरे ठिपके घेऊन खाली येतात. कारण बोअरचं पाणी खारं. खारपाण पट्टा काय चीज आहे ते भातकुलीकडच्याला शिकवायला नको. गावच्या घरी तर एका उन्हाळ्यात कुलरच्या ताटीवर मिठाचा थर बसतो, वाळा कडक होतो, हातानं दाबला तर कर्रकन मोडतो, आणि दर हंगामाला नवी ताटी घ्यावी लागते. तिचा भावही वाढलाच आहे, पण ताटीवाल्याशी भांडायला कोणी जात नाही. तो सायकलवर असतो, तोवर पुढच्या गल्लीत निघून जातो.

सचिवाचीही बाजू आहे. चौकीदाराचा पगार वाढला, लिफ्टच्या देखभालीचा करार वाढला, मोटारीचं वीजबिल वाढलं. मेंटेनन्स वाढवायचा तर सर्वसाधारण सभेत हात वर व्हावे लागतात. ते होत नाहीत. मग खड्डा भरायचा कशानं? दंडानं. म्हणून आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिस्त फार कडक होते. पंचवीस तारखेनंतर सचिव जिन्यात टॉर्च घेऊन फिरतो. कोणाच्या दारासमोर चपलांचे दोनाहून जास्त जोड दिसले तर थांबून मोजतो. पाहुणे येऊन बसले असतील तर बसलेल्यांची संख्याही मोजतो, म्हणजे हिशेब जुळावा.

इथे मास्तर कामाला येतात. त्यांनी आदर्श उपविधीचं पुस्तक आणलंय आणि त्यात जागोजागी लिफ्टच्या जुन्या पावत्या खुणेसाठी घातल्या आहेत. त्यांच्या वाचनातून निघालेलं असं, की कमिटीला मनात आलं म्हणून पावती फाडता येत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभासदाचं म्हणणं, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय, आणि तोही एका आर्थिक वर्षात पाच हजारांच्या आत. हे समजल्यावर सोसायटीत आनंदीआनंद झाला. नोटीस आली की लोक उत्तर देत. उत्तरं इतकी लांबलचक येऊ लागली की त्यांच्या झेरॉक्सचा खर्च दंडाच्या वसुलीहून जास्त झाला, आणि तो भरून काढायला झेरॉक्सवर दोन रुपये अधिभार लावावा अशी सूचना आली.

पण मास्तरांच्या पुस्तकातलं एक पान कोणाला आवडलं नाही. मेंटेनन्स थकला तर सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावू शकते. आता जरा शेजारचे आकडे पाहा. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं राज्याची व्याज सवलत योजना आहे, भाऊसाहेब आमच्याच जिल्ह्यातल्या पापळचे. तिच्यामुळे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. परवाना असलेल्या सावकाराला २०१४ च्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्याकडून तारण नसलं तरी १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि शेतकरी नसलेल्याकडून १८ च्या वर. म्हणजे बँक शून्य, सावकार बारा-अठरा आणि दोनशे तीनमधला बनियनवाला एकवीस! हे कळल्यावर चौथ्या मजल्यावरचे भाऊ सावकाराकडून उचलून मेंटेनन्स भरायचा विचार करू लागले. हिशेबानं त्यांचं चुकत नव्हतं.

अध्यक्षांचा मार्ग वेगळा, ते भावनेला हात घालतात. जिन्यात केळाची साल सापडली की ग्रुपवर संदेश येतो : 'गाडगेबाबांच्या जिल्ह्यात ही लाजिरवाणी गोष्ट आहे. दंड १००.' बाबांचं नाव काढलं की आमची आई गप्प बसत नाही. तिचं माहेर ऋणमोचनकडचं. भातकुली तालुक्यातलं पूर्णाकाठचं हे गाव, पौषातल्या रविवारी तिथे जत्रा भरते, बाबांनी तिथे घाट बांधला, झाडू मारला, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. तिनं अध्यक्षांना जिन्यातच गाठलं. "बाबा सोता झाडत होते बापा. पावत्या नोयते फाडत." अध्यक्ष त्या दिवशी लिफ्टनं न जाता जिन्यानं गेले. जाता जाता सालही उचलली.

आईचा आणि कमिटीचा खरा सामना एप्रिलात होतो, कुरोड्यांवरून. गहू तीन दिवस भिजत पडलेला, रोज पाणी बदललेलं. तो वाटायचा, पिळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. वरचं पाणी फेकून पहाटे मोठ्या गंजात चीक हाटायला घ्यायचा. चाटू फिरवता फिरवता हात भरून येतो, पण थांबलं की गाठी. ऊन चढायच्या आत गरम चीक साच्यात भरायचा आणि गच्चीवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर एकेक कुरोडी सोडत जायची. सात वाजेपर्यंत अर्धी गच्ची पांढरी. हे सगळं फळ्याप्रमाणे दोनशे रुपयांचं वाळवण. बाजारातल्या कुरोड्यांचा आजचा भाव धरला तर दोनशे भरूनही स्वस्त पडतं, पण हा हिशेब आईला मान्य नाही. गच्चीला भाव असतो हेच तिला मान्य नाही.

गेल्या खेपेला सचिव सकाळीच पावतीपुस्तक घेऊन वर आला. आईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बस. चीक खा गरम गरम."

तो बसला. तेल-मीठ घातलेला चीक, वाटीभर. मग दूध-साखर घातलेला, आणखी वाटीभर. मग हात धुऊन त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"माय, पावती कोनाच्या नावानं फाडू?"

"ज्यानं खाल्ला त्याच्या."

त्या वर्षीच्या हिशेबात वाळवणाच्या दंडापुढे शून्य आहे. मास्तरांनी लेखापरीक्षणात त्यावर खूण केली होती, मग त्यांच्याही घरी वाटी गेली.

हे काही एकट्या अमरावतीचं दुखणं नाही. आमच्या गावातल्या एका काकाजींचा पोरगा टेक्सासात घर घेऊन राहतो. तिकडे बंगल्यांच्या वसाहतींच्याही संघटना असतात आणि त्यांचा धाक आमच्या सचिवाहून दांडगा. अंगणातलं गवत वाढलं, कचऱ्याचा डबा ठरल्या दिवसानंतर बाहेर राहिला, कुंपणाचा रंग मंजुरीबाहेरचा निघाला, की पत्र. पैसे थकले तर घरावर बोजा चढतो, प्रकरण पार लिलावापर्यंत जाऊ शकतं. पोराला गवताचं पत्र आलं. त्यानं फोनवर बापाला सांगितलं. बापाचं अख्खं आयुष्य निंदण-डवरणीत गेलेलं, त्यांना वाटलं पिकात गवत झालं.

"कशात झालं गवत? तुरीत का कपाशीत?"

"बाबा, नुसतं गवतच लावलंय."

बराच वेळ फोनवर आवाज नाही. मग काकाजी म्हणाले, "पेरलं तूनं, उगवलं त्येच, अन् दंडबी तुलेच? मंग एखांदी बकरी बांध नं बापा!" बकरी बांधायलाही तिकडे मनाई आहे, हे पोरानं सांगितलं नाही. आधीच बापाला रात्री झोप येत नाही.

अमेरिकेतही महागाईनं लोक वैतागलेत, आणि मग सरकारांना या दंडांना लगाम घालावा लागतो. कॅलिफोर्नियानं २०२५ मध्ये अशा बहुतेक दंडांना शंभर डॉलरची मर्यादा घातली. फ्लोरिडात दोरीवर कपडे वाळत घालायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, संघटनेला तो काढून घेता येत नाही. कुरोड्यांबद्दल फ्लोरिडाचा कायदा गप्प आहे, पण आईला मी ते सांगितलेलं नाही. तिला वाटतं तिकडे सगळं मंजूर आहे.

परवा आमची सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर एकच विषय, 'सभेस गैरहजर राहणाऱ्या सभासदास १०० रुपये दंड'. सभेला सात जण आले. कोरम नव्हता. मास्तरांनी पुस्तक उघडून सांगितलं की अशा वेळी सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी भरवायची, तेव्हा कोरम लागत नाही. अर्धा तास करायचं काय? अध्यक्ष म्हणाले, मी गिला वडा घेऊन येतो, खर्च सोसायटीच्या नावे टाकू. गाडी काढून ते राजकमल चौकाकडे गेले आणि तिकडच्या गर्दीत अडकले.

अर्धा तास झाला. मास्तरांनी घड्याळ पाहून सभा सुरू केली, तात्पुरता अध्यक्ष म्हणून स्वतःचंच नाव सुचवलं आणि अनुमोदनही मिळवलं. ठराव सहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. सचिवानं लगोलग गैरहजरांची यादी लिहायला घेतली, आणि पहिलंच नाव अध्यक्षांचं निघालं. तेवढ्यात ते पिशव्या सांभाळत घामाघूम होऊन आले. सगळ्यांनी आधी पानं वाढून घेतली, चटणीची पिशवी फोडली, आणि खाणं आटोपल्यावर सचिवानं अध्यक्षांपुढे पावती धरली.

"मले दंड? मी वडेच आनाले गेलो होतो नं!"

"उपविधीत वड्यांची सवलत नाही," मास्तर म्हणाले.

"मंग माहे वडे वापस करा!"

वडे तोवर सर्वानुमते संपले होते.